माशांचे वकील

ईरा, नील, आजोबांना जाऊन महिना उलटला. परवा फोनवर नीलने विचारलं, "आज्जी, सिंगापूरमध्ये धरण बांधण्याजोगी नदीच नाही, मग आजोबा तिथे धरणांचे वकील कसे होते?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला आता ते नाहीत, म्हणून मीच लिहिते... नीट, क्रमाने.

नव्वदच्या दशकात आम्ही टॅम्पिनीसला राहायचो आणि आजोबा तांजोंग पगारच्या एका वकिली फर्ममध्ये होते. फर्मचं एक गिऱ्हाईक अमेरिकेतला जुना जलविद्युत प्रकल्प विकत घेत होतं. तिकडे अशा प्रकल्पाला नदी कायमची मिळत नाही. काही दशकांनी परवाना संपतो, तो नव्याने मागावा लागतो, आणि तेव्हा विजेइतकाच नदीचा आणि माशांचाही विचार करावा, असा कायदा आहे. हे धरण सगळं पाणी बोगद्यातून वीजघराकडे वळवायचं. मधला नदीचा पट्टा कोरडा ठणठणीत. "जुन्याच अटींवर परवाना मिळेल, असं लिहून द्या," गिऱ्हाईक म्हणालं. आजोबांनी साफ नकार दिला; नव्या परवान्यात त्या कोरड्या पट्ट्यात पाणी सोडायची अट येणारच, असं त्यांचं मत होतं. त्यांचे साहेब मिस्टर को हैराण झाले. नोकरी गेली तर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीवर मिळालेली तिथे राहायची परवानगी, जाणार, आणि पास गेला की ऐन परीक्षेच्या वर्षी तुमच्या बाबांची शाळा सुटणार. मी परतीच्या तिकिटांचे भावही विचारून आले. आजोबा मात्र निवांत माशांच्या सवयी वाचत बसलेले.

शेवटी समजूत घालायला साहेबच घरी जेवायला आले. मी लिटिल इंडियातून सुरमई आणली होती. साहेब हसून म्हणाले, "ऑफिसात मासे वाचवतोस आणि घरी खातोस?"

"ही समुद्रातली, सर. माझं वकीलपत्र नदीपुरतं."

आपल्या रीतीप्रमाणे मी आग्रह करकरून वाढत होते. साहेबांनी तिसऱ्यांदा रस्सा घेतला, आजोबांनी घेतला, बाबांनीही. मग साहेबांनी विचारलं, "तुम्ही नाही बसत?" "मी मागून," म्हणत मी पातेलं कलतं केलं... तळाला एकुलतं एक आमसूल.

आजोबा ताठ बसले. "सर, हाच तो पट्टा! धरण तृप्त, वीजघर तृप्त, आणि खाली ही बाई कोरडी!"

साहेबांना ठसका लागला. मी आजोबांकडे वळून, पण साहेबांनाही कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत म्हटलं, "लग्नापासून कोरडीच आहे. तुमचाही परवाना संपलाय. नवा हवा असेल तर अट ऐका, वाढण्याआधी माझी वाटी बाजूला."

"मान्य कर, लाह," साहेब डोळे पुसत आपल्या सिंगापुरी लकबीत आजोबांना म्हणाले, "इथे अपील नाही."

सोमवारी साहेबांनी आजोबांचं मत एक शब्दही न बदलता पुढे पाठवलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण नदीत पाणी सोडायचं धरूनच त्याने व्यवहार केला. पास टिकला, बाबांची परीक्षा झाली. आजोबांनी माझी अट पाळली, तीही वकिली काटेकोरपणाने. "नुसता रस्सा सोडून भागत नाही, मासाही पोचला पाहिजे," म्हणत वाटीत तुकडा घालायचे.

अंत्यविधीनंतर तुमचे बाबा इथे होते, तेव्हा एकदा त्यांनी आमटी केली. पानं मांडली, आणि कुणाला वाढण्याआधी एक वाटी भरून माझ्यासमोर ठेवली. आजोबा गेले. माझी वाटी अजून आधी निघते.