दोन लाल टाके

समन्स आलं तेव्हा आमची आत्या तिच्या लाँड्रीत अभ्र्यांना इस्त्री करत होती. साक्षीला हजर राहा, असं मी तीनदा वाचून दाखवलं. मग तिने शेजारच्या चपलावाल्याला बोलावून मला त्याच्यासमोर चौथ्यांदा वाचायला लावलं. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. तीस वर्षं लोकांचे कपडे कडक करून स्वतः चुरगळलेल्यात वावरलेल्या बाईने ठेवणीतली साडी काढून तिला दोनदा इस्त्री केली. मी म्हटलं, साक्षीला चाललीस की लग्नाला? तिने गरम इस्त्री उचलून दाखवली. मी दोन पावलं मागे सरकले.

समोर राहणाऱ्या लेथवाल्याची दोन बोटं कारखान्यात मशीनमध्ये गेली होती. त्याने भरपाईचा दावा लावला, तर हा माणूस आमचा कामगार नव्हताच, असं म्हणून कारखान्याने हात झटकले. नऊ वर्षं राबलेल्या माणसाकडे कागदाचा कपटा नाही, होता फक्त कारखान्याचा निळा शर्ट. तो काय, जुन्या बाजारातही मिळतो, असं त्यांचा वकील म्हणे.

पण त्या शर्टाच्या कॉलरमध्ये आत्याची खूण होती. कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून ती आतून रंगीत दोऱ्याचे टाके घालते. दोन लाल टाके म्हणजे कारखान्याचं गाठोडं. दर सोमवारी टेम्पोने यायचं आणि अर्धी लाँड्री त्यावरच चालायची. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं चपलावाल्याने बजावलं. आत्याने ते साफ कानाआड केलं.

न्यायालयात आत्या साक्षीला उभी राहिली. कारखान्याच्या वकिलाने विचारलं, हे टाके गेल्याच आठवड्यात घातले नाहीत कशावरून?  पुढच्या बाकावर बसलेल्या कारखान्याच्या मॅनेजरकडे आत्या टक लावून बघत राहिली. झालं, पाठ केलेलं विसरली, असं मला वाटलं.

"साहेब," ती न्यायाधीशांना म्हणाली, "त्याच गाठोड्यात मॅनेजरसाहेबांचेही शर्ट असतात. आज घातलाय तोही माझ्याच हातचा आहे. कॉलर उलटून बघा, दोन्हीकडचा दोरा धुऊन धुऊन सारखाच विटलाय."

मॅनेजरचा हात आपसूक मानेकडे गेला. शिपायाने वाकून बघितलं आणि तसेच विटलेले दोन लाल टाके आहेत म्हणून सांगितलं. परक्या माणसाचा शर्ट तुमच्या गाठोड्यात कसा, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर मॅनेजर कॉलर सारखी करत वकिलाकडे बघू लागला. मला उठून नाचावंसं वाटत होतं. वर्षभर खिशात कोंबलेला हात लेथवाल्याने बाहेर काढला आणि भर न्यायालयात आत्याला उंच करून दाखवला.

निकाल त्याच्या बाजूने लागला. टेम्पो मात्र साक्षीनंतरच्या सोमवारपासूनच बंद झाला. तो येणार नाही हे आत्याला समन्स आलं त्याच दिवशी कळलं होतं. मला आता कळलं, आणि तिचा फार अभिमान वाटला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी लेथवाला आपला घरचा शर्ट धुवायला घेऊन आला. आता मी कुठल्या रंगाचा, असं त्याने विचारलं. आत्याने सुईत लाल दोरा ओवला.

"हाच," ती म्हणाली. "आता हा तुझ्या एकट्याचा."