धुक्यात पुढे चालणारा

आई गेली तेव्हा मी इथे, दुबईजवळच्या अजमानमध्ये होते. तिकीट काढून बॅग भरत होते, तेवढ्यात भावाचा फोन आला, "आता घाई करू नकोस." त्या दिवसापासून मी दत्तगुरूंशी अबोला धरला. दिवा लावायचे, गुरुवारी घेवड्याच्या भाजीचा नैवेद्यही दाखवायचे, पण तोंडातून अक्षर नाही. इतकी वर्षं तुमचं केलं, आणि तुम्हाला मला वेळेवर पोहोचवता येऊ नये? आमचे हे चेष्टा करायचे, "अगं, गुरूंना इकडचा व्हिसा मिळाला नसेल." मला हसू यायचं नाही. राग अगदी मनापासूनचा होता.

आम्ही दोघंही हमरिया फ्री झोनमध्ये, बंदरालगतच्या कारखान्या-गोदामांच्या वसाहतीत, नोकरीला, सकाळी एकाच गाडीने जातो. हिवाळ्यात इथे समुद्रावरून धुकं येतं. त्या सकाळी ते इतकं दाट होतं, की उजाडलं होतं म्हणायचं, पण दिसत काहीच नव्हतं. फ्री झोनच्या आत शिरलो आणि ह्यांनी गाडी कडेला घेतली. छातीवर हात, कपाळावर घाम. "जरा दुखतंय," म्हणाले, पण तो आवाज ह्यांचा वाटेना. ॲम्ब्युलन्सला फोन केला. निघालो आहोत, पण धुक्यामुळे वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. जवळच एक क्लिनिक आहे एवढं माहीत होतं. पण वळण कुठलं? कडेला कंटेनरचे ट्रक उभे, आणि मी तर बाजारापलीकडे कधी गाडी नेली नव्हती. मला रडू फुटलं. "महाराज, आता तरी या!" मी चक्क ओरडले. अबोला सुटला तो असा.

काचेवर टकटक झाली. बाहेर उंच, काळासावळा माणूस उभा होता, वॉचमनच्या गणवेशात. ड्यूटी संपवून पायी निघाला होता. त्याने ह्यांच्याकडे एकदा पाहिलं, मला हात देऊन त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, "मॅडम, क्लिनिक हमको मालूम. तुम गाडी चलाओ, हम आगे चलता. रोड मत देखो, मेरे को देखो. यल्ला, चलो!"

पुढचं सगळं मला अजून स्वप्नासारखं आठवतं. धुक्यात रस्ता नव्हता, आकाश नव्हतं, फक्त एक पाठ होती आणि तिच्यावरचा चमकता पट्टा. तो धावत होता, मधेच थांबून हात वर करत होता, वळणावर हात बाजूला धरत होता. हाताचा इशारा होईल तशी मी स्टिअरिंग फिरवत होते. ह्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मला भीती वाटत नव्हती, ह्याचं मला तेव्हाही नवल वाटलं. क्लिनिकचा दिवा दिसला, माणसं धावत आली, ह्यांना आत नेलं. मी वळून पाहिलं तर तो निघून गेला होता. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आणलंत.

हे घरी आले, त्यानंतरच्या गुरुवारी मी नैवेद्याचं ताट दाखवून तेच डब्यात भरलं, ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची भाजी. विचारत विचारत त्या वॉचमनचं गोदाम सापडलं. त्याचं नाव इद्रिस, सुदानचा. मी वाकले, त्याच्या पायांना हात लावायला. तो दचकून मागे सरला. "ला, ला, नहीं मॅडम! ये पाँव नहीं!"

मग आम्ही त्याच्या केबिनच्या सावलीत बसलो. डबा उघडताच त्याने भाकरीचा वास घेतला आणि डोळे मिटले. त्याच्या गावाकडेही ज्वारीच. बापाच्या शेतात तो वाढला, बैलांमागे, पाटाच्या पाण्यात. युद्ध पेटलं तसं गावातल्या पोरांना ट्रकमध्ये घालून नेलं आणि बंदुका दिल्या. समोरचा शत्रूही त्याच्याच भाषेत आईला हाका मारायचा. एक दिवस हुकूम आला, गाव रिकामं करा, उभं पीक जाळा. कणसं भरलेली होती. तो पेटता बोळा हातात धरून उभा राहिला, पण त्याच्याने ते होईना. दुसऱ्यांनी आग लावली. त्या रात्री तो बंदूक टाकून निघाला, आणि भटकत भटकत इथे पोहोचला. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी म्हटलं, "भैया, उस दिन आप में मैंने भगवान देखा."

त्याने हातातली भाकरी डब्यात ठेवली. "मॅडम, उधर मेरा फौज का ड्रेस देखके सब लोग भागता था. औरत लोग बच्चा उठाके भागता था. उस दिन पहली बार कोई मेरे पीछे आया. तुमको रोड नहीं दिखता था, फिर भी आया." आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. "मैं रोज अल्लाह को बोलता था, एक दफा, बस एक दफा कोई मेरे से भागे नहीं. उसने तुमको भेजा. अल्हम्दुलिल्लाह."

इतके दिवस मी समजत होते, हाक माझी होती आणि धावून आला तो माझ्यासाठी. त्याची हाक त्याहून कितीतरी जुनी होती. गुरूंनी कुणाला कुणाकडे पाठवलं, हा हिशेब मी आता मांडत नाही. शरण जाणं ही फार मोठी साधना असते असं ऐकलं होतं. मी तर काहीच केलं नव्हतं, फक्त गाडी त्याच्या मागे नेली होती. तेवढं मला पुरलं आणि त्यालाही.