आतापर्यंत काय झालं?

सोमवारी सकाळी यमुनाकाकू आमच्या दारात दूध घालायला यायच्या, माप कॅनमध्ये बुडवायच्या आणि तसंच धरून ठेवायच्या. आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेल्या सिनेमाबद्दलचं मत सांगून झाल्याशिवाय ते माप काही वर येत नसे. आई पातेलं घेऊन उभी, स्टोव्हवर चहाचं पाणी आटत चाललेलं, आत नाना ‘चहा झाला का’ म्हणून ओरडताहेत, आणि काकूंचं चालू असायचं, "बंगला पाह्यला का बाई त्या पोट्टीच्या बापाचा? जिना केवढा! अख्खी वरात चढन त्याच्यावरून. पण मले सांग, त्या घरात चूल कोठी हाये? एवढ्या मोठ्या सिनेमात कोणी एक वांगं नाई चिरलं!" मग माप वर यायचं, पातेल्यात दूध पडायचं, वरून एक धार जास्तीची, आणि काकू पुढच्या घरी. तिथं तेच मत थोडं मुरलेलं असायचं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्या सिनेमाचा पार निकाल लागलेला असे.

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही एकच होता, आणि तो आमच्याकडे होता. काळापांढरा, लाकडी शटरचा. नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्या शटरची किल्ली कचेरीच्या किल्ल्यांबरोबर कमरेला लावून हिंडत. काकूंचं घर आमच्या समोर. त्यांची शेती अल्लीपूरला. काका तिकडेच राहून ती बघत, आणि मुलांच्या शाळेसाठी काकू दोन म्हशी घेऊन इकडे आलेल्या. पुढे मुलं शिकली, नोकरीला लागली, तरी काकू काही परत गेल्या नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणत, "अल्लीपूरले टीव्ही कोठी हाये?" त्यात थट्टा किती आणि खरं किती, हे काकांनाही कधी कळलं नसावं.

रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या सतरंजीवर बसत. काकू मात्र स्वतःचं बारदान घेऊन येत आणि दाराजवळ ते अंथरून बसत. आईनं कितीदा तरी म्हटलं असेल, सतरंजीवर बसा. पण नाही. "बाई, माह्या लुगड्याले म्हशीचा वास येते. तुमचे पाव्हणे नाक मुरडतीन." मध्ये बातम्या लागल्या की त्या म्हशी पिळायला पळत. पण म्हशींना बातम्यांचं काय! कधी पान्हा उशिरा सुटे, कधी पारडू दावं तोडून पळे. काकू हात पुसत परत येईपर्यंत सिनेमा बराच पुढे गेलेला असायचा. मग त्या बारदानावर बसता बसता विचारत, "आतापर्यंत काय झालं?"

आम्ही सांगायचो, पण त्यांना ते सहजासहजी पटायचं नाही. जत्रेत हरवलेला मुलगा वीस वर्षांनी आईसमोर उभा राहिला आणि आईनं त्याला ओळखलं नाही, असं मी एकदा सांगितलं तर माझ्यावरच चिडल्या. "काऊन नाई ओळखलं? मी अंधारात पारडू ओळखतो, अन् हिनं पोटचं लेकरू नाई ओळखलं?" जणू मीच ती आई. खलनायकाबद्दल त्यांना फार माया. "दिवसभर राबून राह्यला बिचारा. त्याच्याच मेहनतीवर सिनेमा चालला. हिरो तं बगिच्यात गाणे म्हणून राह्यला." आंधळ्या म्हातारीनं देवापुढे डोकं आपटलं आणि तिला दिसायला लागलं, तेव्हा त्या पदर तोंडाशी धरून इतक्या हसल्या की आईला त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांच्याकडे शेरे दोनच. सिनेमा आवडला तर "पाह्यालायक हाये", नाही आवडला तर "जाऊ दे". ‘पाह्यालायक’ फार थोड्यांच्या वाट्याला आलं.

पुढे रविवारी दुपारीही सिनेमे लागू लागले. कुठल्या कुठल्या प्रांतांचे, आपल्याला न कळणाऱ्या भाषांमधले. खाली इंग्रजी अक्षरं उमटत, पण आमच्या टीव्हीवर एवढ्या मुंग्या की ती वाचण्याआधीच पुसली जात. घरातले सगळे पेंगायचे. काकू मात्र ताठ बसून पाहायच्या. त्यांना हेच सिनेमे जास्त आवडत. म्हणायच्या, "याच्यात माणूस जेवाले बसला तं पुरा जेवते. हात धुते. मंगच उठते." शिवाय भाषा कोणालाच कळत नसल्यानं त्या सांगतील ती गोष्ट खरी. कोणी वाद घालू शकत नसे.

मी बी. ए. होऊन घरी बसले होते आणि नाना माझ्यासाठी स्थळं बघत होते. नागपूरचा एक इंजिनियर मुलगा सांगून आला. उंच, गोरा, चांगल्या पगाराचा. आमच्या घरात तर त्याला पाहण्याआधीच पसंती होती. तो आला एका रविवारी दुपारी, आईवडिलांबरोबर. आईच्या मनात होतं की आजच्या दिवस गल्लीला टीव्हीसाठी येऊ नका म्हणावं, पण तिची जीभ काही रेटली नाही. त्यामुळे पुढच्या खोलीत एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला गल्लीतल्या बायका आणि दाराशी बारदानावर काकू, असा सगळा थाट होता. टीव्हीवर एक म्हातारा नदीकाठी आपली होडी रंगवत बसला होता. बराच वेळ नुसतं तेच चाललं होतं.

मी वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, भुरभुरलेले आलूपोहे घेऊन बाहेर आले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, दोन प्रश्न विचारले. मी उत्तर द्यायला लागले आणि त्याचं लक्ष टीव्हीकडे गेलं. तो उठला, खट्‌दिशी बटण बंद केलं, शटर ओढून घेतलं आणि हसून म्हणाला, "काय हे! कळत तर काहीच नाही." मोठी माणसं हसली. नानाही हसले. रात्री ते आईला म्हणाले, धडाडीचा आहे पोरगा. काकू मात्र तेव्हाच बारदान गुंडाळून उठल्या होत्या. त्यांच्यामागून एकेक बाई चप्पल शोधत निघून गेली. मी ट्रे धरून तशीच उभी होते. माझं उत्तर अर्धंच राहिलं होतं, आणि त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

सोमवारी माप कॅनमध्ये गेलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं.

"काल अर्धाच पाह्यला," काकू म्हणाल्या. "त्या बुढ्याची होडी रंगली का नाई, मले आता कधी समजन?"

आईनं पातेलं पुढे केलं. मी तिच्या मागेच उभी होते.

"पोट्टा वाईट नाई बाई. शिकेल हाये, दिसाले चांगला हाये. पण खोलीत एवढ्या बाया बसल्या होत्या, अन् खटका दाबताना त्यानं एकीच्याबी तोंडाकडं पाह्यलं नाई. ‘पाहून राह्यल्या का’ एवढं तरी इचारावं का नाई मानसानं?"

मला रात्रभर काहीतरी खटकत होतं. ते काय होतं, हे मला त्या दारात कळलं. नागपूरहून होकार आला, त्या दिवशी मी नानांना नाही म्हणाले.

नाना एवढे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "टीव्हीच्या बटनावरून इंजिनियर नाकारते? लोकं काय म्हणतीन मले?" ही बुद्धी कुठून आली हे त्यांनी लगेच ओळखलं. तसेच गल्ली ओलांडून गेले आणि काकूंच्या अंगणात उभे राहून म्हणाले, "वहिनी, सिनेमाबद्दल काय बोलायचं ते बोला. माह्या घराबद्दल नका बोलू." काकू म्हशीला पेंड चारत होत्या. "बरं भाऊजी," एवढंच म्हणाल्या.

त्या टीव्ही पाहायला यायच्या थांबल्या. दूध यायचं, वरची धारही पडायची, पण माप बुडालं की लगेच वर. आमचा चहा वेळेवर होऊ लागला आणि तो कोणालाच गोड लागेना. रविवारी बायका यायच्या, सिनेमा पाहायच्या, उठून जायच्या. दाराजवळची जागा रिकामी राही. तिथं कोणी बसत नसे. मला फार वाईट वाटायचं. मत माझ्या आयुष्याबद्दल दिलं होतं आणि सिनेमा मात्र त्यांचा गेला होता. मी एकदा त्यांच्याकडे जाऊन तसं म्हटलं, तर उलट मलाच दटावलं, "तुह्या बापाले पोरीची काळजी हाये. रागावन नाई तं काय करन?"

असे बरेच रविवार गेले. एका दुपारी सिनेमातल्या एका सासूनं तांदळाच्या डब्यात किल्ली लपवली. घरातले सगळे पेंगत होते, जागे फक्त नाना. त्यांनी आईला हलवून विचारलं, हिनं किल्ली तिथं का ठेवली? आईला ठाऊक नव्हतं. मला विचारलं, मलाही सांगता येईना. नाना थोडा वेळ चुळबुळत बसले, मग ओसरीवर गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "वहिनी, या हो! या बाईनं तांदळात किल्ली काऊन लपवली, कोणालेच समजून नाई राह्यलं!"

काकू आल्या. काखेत बारदान होतं. मागचं त्यांनी काही काढलं नाही, नानांनीही नाही. बसता बसता त्यांनी विचारलं, "आतापर्यंत काय झालं?" आणि आमच्या घरात पहिल्यांदाच नानांनी ते सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुनेले द्याची हाये ती किल्ली. पण हातात द्याले सासूचा हात उठत नाई. तांदूळ काढाले सून येईनच नं, तिले सापडन." पुढे सिनेमात तसं झालं की नाही, हे मला आता आठवत नाही. नानांना मात्र ते पूर्ण पटलं.

त्यानंतर आलेलं स्थळ आंजीचं. शेतकऱ्याचा मुलगा, वर्ध्याला शाळेत मास्तर. त्यांची बस वाटेत बिघडली. वाट पाहून पाहून नानांनी शेवटी टीव्ही लावला, तर सिनेमा रंगात आला असताना मंडळी घामाघूम होऊन दारात उभी. आईवडिलांना खुर्च्या मिळाल्या. मुलाला जागा उरली ती दाराशी, काकूंच्या बारदानाला लागून. तो खाली बसला, रुमालानं मान पुसली, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि हळूच काकूंकडे झुकून म्हणाला, "काकू, आतापर्यंत काय झालं?"

काकूंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग सांगायला लागल्या. भाषेचा एक शब्द त्यांना कळत नव्हता, पण त्या बाईचं लग्न, तिची सवत, पुरात वाहून गेलेली गाय, सगळं त्यांनी सांगितलं. तो हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "मग ती माहेरी काऊन नाई गेली?"

काकू थांबल्या. "माहेर दाखवलंच नाई त्याहिनं," त्या म्हणाल्या. "मले वाटते, नसन तिले."

"असंच असन," तो म्हणाला. त्याच्या पुढ्यातले पोहे तोवर थंड झाले होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहत होते, आणि मला बाहेर बोलावल्यावर मी त्याच्यासाठी गरम पोहे घेऊनच गेले.

सोमवारी दुधाचं पातेलं घेऊन नाना स्वतः दारात गेले. "कसा वाटला वहिनी?"

"सिनेमा?"

"हाव, सिनेमाच."

काकूंनी माप बुडवलं. "डोक्यावरचे केस कमी हायेत भाऊजी, आणखी जातीन. पण दुसऱ्याचं ऐकून घेते." माप वर काढत म्हणाल्या, "पाह्यालायक हाये."

केस खरंच गेले. शिवाय तो भाजी आणायला विसरतो, छत्र्या हरवतो, हे त्या बारदानावरून काकूंना काही दिसलं नव्हतं. पण माझं कुठलंही वाक्य या माणसानं अर्धं राहू दिलं नाही. भांडणातलंसुद्धा.

काही वर्षांनी काकूंचे डोळे गेले. काचबिंदू होता, दवाखान्यात न्यायलाही उशीर झाला होता. म्हशी विकल्या. धाकट्या मुलानं रंगीत टीव्ही आणला, तर काकूंना त्याचा नुसता आवाज. "सिनेमातल्या बुढीले डोकं आपटून डोळे आले," त्या हसत म्हणायच्या, "मले एवढे थेंब टाकून नाई आले." मग रविवारी आम्ही गेलो की हे त्यांच्या खाटेजवळ बसत आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगत. "कोणता रंग हाये लुगड्याचा?" काकू विचारत. "चूल दिसते का?"

शेवटच्या हिवाळ्यात त्या खाटेवरून उठेनाशा झाल्या. आम्ही गेलो त्या दुपारी टीव्ही बंद होता. काकू ग्लानीत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली आणि क्षीण आवाजात विचारलं, "आतापर्यंत काय झालं?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. "एक बाई हाये, काकू. अल्लीपूरहून दोन म्हशी घेऊन आली. पोरं शिकवायची हायेत. रोज पहाटे उठते, म्हशी पिळते, घरोघर दूध घालते. वरून एक धार जास्तीची देते." हे सांगत राहिले. पारडू दावं तोडून पळालं ते, शेजारचा कारकून रागावला ते, तांदळातली किल्ली, बस बिघडलेला मास्तर. काकूंचा मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, म्हणजे ती बाई कोण हे त्यांना कळलं होतं.

"चूल दाखवली का?" त्यांनी विचारलं.

"दाखवली नं, काकू. पेटलेली हाये."

"मंग पाह्यालायक हाये," काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. आजही मी सिनेमा पाहत असते, हे बाहेरून येतात, चपला काढतात आणि माझ्याजवळ बसत विचारतात, आतापर्यंत काय झालं? मी पहिल्यापासून सांगते.