तीन सांगणारा साळवे

एकाहत्तरच्या लढाईत मी सीमेवरच्या एका कच्च्या धावपट्टीवर वायरलेस ऑपरेटर होतो. निमोण्याहून शिरूरच्या कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिला. वर्ष पुरं न करताच भरती झालो. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्यावं.

उड्डाणाआधी रेडिओ चेक व्हायचा. एकाने विचारायचं, "हाऊ डू यू रीड?" उत्तर आकड्यात. एक म्हणजे काहीच कळत नाही, तीन म्हणजे कष्टाने कळतं, पाच म्हणजे स्वच्छ. निरोप मिळाला की 'रॉजर' म्हणायचं; ते कुणा साहेबाचं नाव नव्हे. तारेच्या काळात 'रिसीव्ह्ड'साठी नुसता आर पाठवत. जुन्या वर्णमालेत आरला रॉजर म्हणत, तेच राहिलं. हे मला लान्स नायक गौतम साळवेने शिकवलं. तो दौंडचा, सेट दुरुस्त करायचा.

आमच्याकडे सगळे पाचच सांगत. तीन म्हटलं की विमान थांबे आणि मेजरसाहेब चिडत. त्या दुपारी साळवे विमानातला सेट तपासून उतरला आणि मेजरसाहेबांना म्हणाला, "सर, थ्री. रिसीव्हर बीच में बंद पड़ता है. एक घंटा दीजिए."

"लड़ाई तेरे लिए रुकेगी? डर गया?"

"नहीं सर."

"तो पीछे तू ही बैठ. ऊपर जाके ठीक कर."

जवान हसले. साळवे विमान चालवणाऱ्या कॅप्टनसाहेबांच्या मागे जाऊन बसला.

विमान परतत असतानाच धावपट्टीवर तोफगोळे पडले. मधोमध खड्डा झाला.

"डोंट लँड. ओव्हर," मी म्हणालो.

"कंट्रोल, रेडिओ चेक. हाऊ डू यू रीड?" साळवेचा आवाज स्वच्छ होता.

"रीडिंग यू फाइव्ह. डोंट लँड!"

"कंट्रोल, रेडिओ चेक." मग मराठीत, "निमोणकर, आरं बोल की!"

आम्ही धोक्याच्या इशाऱ्याचा तांबडा फ्लेअर उडवला. धुळीत दिसला नसावा. विमान खड्ड्यात गेलं, उलटलं, पेटलं. विमानातला सेट चालूच राहिला. साळवेचा आवाज आणखी थोडा वेळ येत होता. मेजरसाहेबांनी माझ्या कानावरून हेडफोन काढून घेतला, ऐकला आणि स्विच बंद केला.

सकाळी दुसरं विमान आलं. त्याचा ऑपरेटर म्हणाला, "फाइव्ह, सर."

रजेत दौंडला गेलो. साळवेचे वडील रेल्वेत खलाशी. जयभीम केला.

"शेवटी काय म्हणला गौतम?"

"ऐकू येतंय का, असं इचारत व्हता, आबा."

"आन् तुमाला येत व्हतं?"

"व्हय."

"मग सांगितलं न्हाई त्याला?"

"सांगितलं, आबा."



"दर पत्रात लिवायचा," ते म्हणाले, "निमोणकर सेटवर हाय, तवर माझी काळजी करू नका."