फेशियलताईंच्या साध्या नायिका

फेशियलताईंकडे गेलं की आधी तोंड बंद करावं लागायचं. त्या कपाळापासून पॅक लावत लावत ओठांपाशी येऊन थांबायच्या आणि बजावायच्या, "आता बोलायचं नाही हं. बोललीस की भेगा पडतात, मग मला नावं ठेवायची नाहीत." आपण गप्प झालो की त्या सुरू व्हायच्या. पॅक वाळेपर्यंत एक अख्खी कादंबरी सांगून व्हायची. हसू आलं तरी हसायची सोय नाही, शेवट पटला नाही तरी भांडायची सोय नाही. इतका हुकमी श्रोता कुठल्या कीर्तनकारालाही मिळत नसेल.

त्यांचं खरं नाव सरोजिनी. 'फेशियलताई' हे आमच्या हॉलंडमधल्या, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या पोरांनी पाडलेलं नाव. "ममा, फेशियलताईकडे अगेन?" असं माझी मुलगी तोंड वाकडं करून विचारायची. त्या राहायच्या बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाच्या कुशीत. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, तिथेच कार्गोत कामाला. घरावरून विमान गेलं की ताई गोष्ट थांबवायच्या, बोट तसंच हवेत धरून ठेवायच्या आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे जायच्या. परदेशात राहिलेल्या प्रत्येक बाईला अशी एक ताई ठाऊक असते. आपण पहिल्यांदा जातो ते भुवया कोरून घ्यायला, आणि मग भुवया वाढल्या नसल्या तरी जात राहतो.

त्यांच्या कादंबऱ्या एकाच जातीच्या असत. इंग्रजी, जुन्या काळातल्या, आणि ख्रिस्ती. मुखपृष्ठावर टोपडं घातलेली बाई, आपल्याकडे पाठ करून गव्हाच्या शेताकडे बघणारी, लांबवर चर्चचा मनोरा. क्रिंगलोपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, त्या पिशव्या भरभरून आणायच्या. आत दोन बहिणी ठरलेल्या. एक देखणी, तिला रिबिनींचं वेड. दुसरी साधी, ती पाव भाजते आणि आजाऱ्यांची सेवा करते. देखणीला देवी येतात, नाहीतर तिचा चेहरा भाजतो. मग तिचा गर्व जातो, ती प्रार्थना करते, आणि शेवटच्या प्रकरणात कोणी भला शेतकरी त्या व्रणावर ओठ टेकतो. "लग्न ठरल्यावर हं," ताई खुलासा करायच्या, "आधी नाही. आमच्या पुस्तकांत तसलं काही नसतं."

पण त्या भाबडेपणाने वाचत नसत. "लेखिका महालबाड असतात बघ," त्या म्हणायच्या. "पहिल्या पानावर सांगतात, नायिका दिसायला साधी. आणि तिसऱ्या पानावर तिचे डोळे जांभळे निघतात, केस कमरेपर्यंत! तिला बिचारीला आरशात बघायची बंदी, आणि वाचणारीला मात्र तिचं सगळं रूप इंच इंच दाखवायचं. मग नटवी कोण झाली, ती का आपण?" मी पॅकखाली हसले आणि भेगा पडल्या. त्या दिवशी मला बोलणी बसली.

हे भांडण त्यांचं पुस्तकांशी कमी आणि आईशी जास्त होतं. नगरकडच्या मिशन कंपाउंडमध्ये त्या वाढल्या. आई बायबलबाई, पांढऱ्या साडीत गावोगाव फिरून शास्त्र सांगणारी. घरात आरसा होता तो फक्त वडिलांच्या दाढीपुरता, खुंटीला उंचावर. ताई तेव्हापासून देखण्या, आणि आईला त्याचीच धास्ती. "चेहरा देवाने दिलाय, त्यात तू हात घालू नकोस," हे आईचं वाक्य. लेकीने पुण्याला जाऊन ब्यूटीपार्लरचा कोर्स केला तेव्हा आई कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. ताई त्यावर उत्तर द्यायच्या ते थेट शास्त्रातूनच. "एक राणी होती, राजासमोर जायच्या आधी वर्षभर सुगंधी तेलं चोळून घेत होती. वर्षभर! मग त्याच तोंडाने राजाशी बोलली आणि आपले लोक वाचवले. आईला म्हटलं, ते तुला चालतं आणि माझं ब्लीच चालत नाही?" आई गेल्यालाही बराच काळ लोटला होता, तरी ताईंचा वाद अजून चालूच होता.

भाऊजी अबोल. इथे भाड्याच्या हॉलमध्ये मराठी उपासना भरते, तिथे ते पेटी वाजवतात. मूलबाळ नव्हतं. ताईंचं रूप हाच त्यांच्या घरातला मोठा कौतुकाचा विषय, आणि भाऊजींना त्याचा अभिमान होता, तो लपतही नसे. उपासनेत ताई गायला उभ्या राहिल्या की त्यांची बोटं पट्टीवर आणि नजर ताईंवर. एकदा ते सूर चुकले तेव्हा पाळकसाहेबच म्हणाले होते, "समोर बघा, बाजूला नको." सगळे हसले होते आणि ताई लाजून लाल झाल्या होत्या.

ती गाठ ताईंच्या बोटांनीच शोधून काढली. स्वतःच्या चेहऱ्याला मसाज करताना कानाच्या पुढे, गालाच्या मागच्या बाजूला काहीतरी कडक लागलं. रोज इतरांचे चेहरे चाचपणाऱ्या बोटांना ते लगेच कळलं. मला म्हणाल्या, "अगं, इथे असं काही नसतं. मला माहितीये, इथे काय असतं ते." हाउसआर्त्सने, म्हणजे आपल्या घरच्या डॉक्टरने, तडक मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. लाळेच्या ग्रंथीचा कर्करोग होता. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर चेहऱ्याची नसही गेली.

डावी बाजू खाली आली. गाल ओघळला, ओठाचा कोपरा लोंबला, आणि डावा डोळा मिटेनासा झाला. झोपतानासुद्धा तो पट्टी लावून बंद करावा लागे. प, फ, ब, म ही अक्षरं त्यांच्या ओठांतून निसटू लागली. 'फेशियल' म्हणायला गेल्या की 'हेशियल' यायचं. पार्लर बंद झालं. रस्त्यावरून सगळं दिसेल अशी इथल्या घरांची ती मोठी खिडकी, तिला त्यांनी जाड पडदा लावून टाकला. शेजारची डच आजी दोनदा विचारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

उपासनेतली एक बाई भेटायला आली आणि जाताना म्हणाली, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याचा अभिमान आधी मोडतो. सांत्वनच करायचं होतं तिला. ती गेल्यावर ताई म्हणाल्या, "ही पण माझ्याच पुस्तकातली निघाली." मला तिचा इतका राग आला होता, की हसूही आलं नाही.

मला वाटलं, आता त्या ती पुस्तकं फेकून देतील. झालं उलटंच. त्या पुन्हा एकेक काढून वाचू लागल्या, पण फक्त शेवटचं प्रकरण. मी सूप घेऊन जायची तेव्हा मांडीवर तेच उघडं असे. "देवी आल्या, चेहरा गेला, इथपर्यंत सगळं माझ्यासारखं झालंय," त्या जड ओठांनी म्हणाल्या. "आता पुढचं एकच पान राहिलंय." त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मला कळलं. कोणी व्रणावर ओठ टेकावेत इतकीही त्यांची मागणी नव्हती. नवऱ्याने एकदा नीट बघावं, एवढंच.

भाऊजींनी सगळं केलं. खरंच सगळं. भात मऊ शिजवून द्यायचे, डोळ्यात मलम घालायचे, हॉस्पिटलच्या प्रत्येक फेरीला रजा काढायचे. पण बोलताना त्यांची नजर नळाकडे, कपाकडे, खिडकीच्या पडद्याकडे. मलम घालताना ते फक्त पापणी बघायचे, जशी कोणी सुई ओवताना भोक बघतो. एका रविवारी ताईंनी अबोली रंगाची साडी नेसली. चांगल्या बाजूला काजळ घातलं, वाकड्या बाजूलाही घातलं, आणि चहाला भाऊजींच्या समोर बसल्या. मी तिथेच होते. भाऊजी म्हणाले, "चहा छान झालाय." मग ते उठून कपबशा विसळायला गेले. ताई तशाच बसून राहिल्या, आणि मिटता न येणाऱ्या त्या डोळ्यातून पाणी गळत राहिलं. तो डोळा एरवीही गळायचा, त्यामुळे त्या रडत होत्या का, हे मला सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलमध्ये एक प्रकार घडला. चेहऱ्यावरचे व्रण झाकायला शिकवणारी एक नर्स होती. ताईंनी तिला विचारलं, या वयात आणि या आजारात हे सगळं करणं बरोबर आहे का. ती हसून डचमध्ये काहीतरी म्हणाली. घरी आल्यावर ताईंनी मला फोन लावला. आवाज घाबरलेला. "ती मला म्हणाली, थोडं आयडल व्हायला हरकत नाही. आयडल म्हणजे मूर्ती ना गं? आमच्यात मूर्ती चालत नाही, आणि ही म्हणते, थोडीशी हो!"

मला आधी उलगडेना, मग डोक्यात प्रकाश पडला. मी इथली डच भाषेची परीक्षा पास झालेली, तेवढीच माझी विद्वत्ता. सांगितलं, "ताई, तो इंग्रजी शब्द नाही. डचमध्ये तसाच ऐकू येणारा एक शब्द आहे. त्याचा अर्थ नटवी, स्वतःच्या दिसण्याकडे लक्ष असलेली. ती म्हणाली, थोडं नटलं तर काही बिघडत नाही." आणि मग, शहाणपणा नडतो तो असा, मी पुढे म्हटलं, "त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पोकळ, व्यर्थ असाही होतो."

वरून विमान गेलं असावं, तिकडून घरघर ऐकू आली. मग ताई म्हणाल्या, "म्हणजे नटवी आणि व्यर्थ, दोन्ही एकच. माझ्या आईने केला असेल हा शब्द." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यापेक्षा ती मूर्ती बरी होती गं. मूर्तीकडे बघायला लोक लांबून येतात. माझ्याकडे घरातला माणूस बघत नाही."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही भाऊजींना सरळ सांगा ना." त्या म्हणाल्या, "सांगितल्यावर बघितलं, तर ते बघणं कसलं?"

रोग परत आला, मग फुप्फुसात गेला. डॉक्टरांनी इथल्या पद्धतीप्रमाणे समोर बसून स्पष्ट सांगितलं. ताईंनी घरीच राहायचं ठरवलं. शेवटी शेवटी पुस्तकही हातात धरवत नव्हतं. मी वाचून दाखवू का विचारलं, तर त्यांनी मान हलवली. "नको. त्यांना सगळ्यांना मिळतो गं शेतकरी," त्या म्हणाल्या, आणि 'मिळतो'मधला म पुसट आला. दोन दिवसांनी सकाळी भाऊजींचा फोन आला.

इथे माणूस गेलं की काही दिवस घरातच ठेवतात. खाली गारवा देणारा पाट बसवतात, समोरच्या खोलीत निजवतात, लोक येऊन भेटून जातात. मी गेले तेव्हा ही व्यवस्था करायला आलेली डच बाई ताईंचे केस विंचरून नुकतीच बाहेर पडत होती. खोलीत भाऊजी एकटेच होते. खुर्ची ओढून ते ताईंच्या डाव्या अंगाला बसले होते, अगदी चेहऱ्याजवळ. एवढ्या महिन्यांत मी त्यांना त्या बाजूला बसलेलं पाहिलं नव्हतं.

"वहिनी, या ना," ते म्हणाले. "बघा, किती छान दिसतेय. अगदी पूर्वीसारखी."

मी पाहिलं, आणि ते खरं होतं. मेल्यावर सगळा चेहरा सैल पडतो, चांगली बाजूसुद्धा. उजवा गालही डाव्याइतकाच खाली आला होता, आणि त्यामुळे वाकडं असं काही उरलंच नव्हतं. दोन्ही डोळे मिटलेले होते. भाऊजी ताईंकडे टक लावून बघत होते, उपासनेत पेटीवरून बघायचे तसे. मग त्यांनी वाकून ताईंच्या कानापुढच्या व्रणावर ओठ टेकले.

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मी म्हटलं, "भाऊजी, हे त्यांना हवं होतं. जिवंत असताना."

"माहीत होतं मला," ते म्हणाले.

"मग?"

ते ताईंवरून नजर न काढता बोलले. "तिचा तो डोळा मिटायचा नाही ना, वहिनी. मी कधीही बघितलं, तरी ती माझ्याकडे बघतच असायची. तिला बघून माझं तोंड कसं होतं, ते तिला दिसलं असतं. मला ते आवरता आलं नसतं. आता ती बघत नाहीये."

मला त्यांची दया आली, आणि मी त्यांना माफही केलं नाही. अजूनही केलेलं नाही. दारावरची बेल वाजत होती, माणसं येत होती, मी कोट घेत होते, कॉफी देत होते. भाऊजी कोणासाठीही उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसून होते आणि ताईंकडे बघत होते.