पुढं रेडियल, मागं नायलॉन

नाकाडोंगरीचा यादोराव टायरवाला भित्रा होता, आणि त्याची त्याला तिळमात्र लाज नव्हती. खाणीच्या रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली त्याचं पत्र्याचं दुकान. मँगनीज वाहणाऱ्या ट्रकच्या चाकात हवा भरायची वेळ आली, की हा बाबा आधी चाकाला साखळी गुंडाळायचा, मग नळी लावायचा आणि धूम पळत जाऊन मोहाच्या बुंध्यामागं उभा राहायचा. तिथून नुसतं नाक बाहेर. ड्रायव्हर लोक खदाखदा हसायचे. "काय गा यादोभाऊ, टायरात वाघ भरून राहिले का?" हसा लेकहो, हसा! चाकाची लोखंडी रिंग उडून माणसाचं डोकं फुटताना त्यानं पाहिलं होतं, हसणाऱ्यांनी नव्हतं.

पण त्याची खरी धास्ती दुसरीच होती. तरुणपणी तो तुमसरला एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकला. त्या उस्तादानं एकदा घासलेला टायर ट्रकच्या पुढच्या चाकाला चढवून दिला. उतारावर तोच फुटला, ट्रक सागाच्या झाडावर जाऊन आदळला, आणि गोपीचंद नावाचा हसरा, पानखाऊ ड्रायव्हर मेला. त्याला बाहेर काढायला जे धावले, त्यांत यादोराव होता. तेव्हापासून त्याच्या दुकानात एकच कायदा चालायचा: नवं पुढं, जुनं मागं. ट्रकला मागं जोडीची चाकं असतात, एक गेलं तर दुसरं सांभाळून घेतं. पुढचं गेलं तर कोणी वाली नाही. त्या पट्ट्यातले सगळेच टायरवाले असं करायचे म्हणा. ते सवयीनं करायचे, यादोराव भीतीनं करायचा.

घरात मात्र सगळा उलटा कारभार. त्याची बायको रुखमिणी कशालाच भीत नसे. घरात साप निघाला, की ही काठी घेऊन पुढं आणि आमचे यादोराव खाटेवर उभे. "दोघांच्या वाटचं तुमीच भेता," ती म्हणायची, "मंग मी काहून भेऊ?"

ऐंशी सालानंतरची गोष्ट. खाणीतल्या ठेकेदाराच्या मुलानं, मधुकररावानं, कलकत्त्याहून एक जुनी विलायती मोटार आणली. लाल, बुटकी, दोनच माणसांची, कापडी छपराची. शर्यतीची गाडी म्हणे! बैलांच्या शंकरपटात पळणारे छकडे गावानं पाहिले होते. शर्यतीची मोटार कोणाच्या बापानं पाहिली होती? चाकं सायकलीसारखी तारांची, आणि टायर घासून पार गुळगुळीत. मधुकररावानं ती थेट मोहाखाली आणून उभी केली.

"यादोभाऊ, हिचे टायर तुमीच निवडा अन् तुमीच बसवा. दुसऱ्यावर माहा भरोसा नाही."

भित्र्या माणसानं बसवलेलं चाक दगा देत नाही, अशी त्या मुलखात त्याची ख्याती होती.

दोघं ठेकेदाराच्या जीपनं नागपूरला गेले. त्या मापाचा टायर मिळता मिळेना. बरीच दुकानं पालथी घातल्यावर एका दुकानदाराच्या माळ्यावरून दोन रेडियल निघाले. यादोरावानं जन्मात रेडियल हाताळला नव्हता. त्याला ठाऊक ते नायलॉनचे, दगडासारखे कडक. त्यानं नवा टायर मांडीवर घेतला, वास घेतला, कडेला अंगठा दाबला आणि एकदम चपापला.

"याची कूस तं मऊ आहे गा बापा! हा फुटते."

"कूस मऊ आहे म्हणूनच तळवा रस्ता सोडत नाही," दुकानदार म्हणाला. "पण दोनच आहेत. चार येईपर्यंत थांबा. एका गाडीला रेडियल आणि नायलॉन मिसळू नका."

मधुकररावाला थांबणं कसं ते माहीत नव्हतं. त्या मापाचे नायलॉनचे दोन पडले आहेत ना, तेच द्या, आजच न्यायचे आहेत, म्हणून तो अडून बसला. तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला, "मग एवढं तरी ऐका. रेडियल मागं घाला. पुढं अजिबात नको."

मागं! यादोरावाला हे पटेना. चांगला टायर मागं आणि हलका पुढं? पंख्याखाली गादीवर बसणारा हा माणूस, यानं कधी गोपीचंदसारखा मेलेला पाहिला होता काय? याला चार विकायचे आहेत, दुसरं काय! मधुकररावाच्या कानाला लागून तो हळूच म्हणाला, "मालक, जीव पुढच्या चाकावर असते. ह्याचं नका ऐकू." आणि मधुकररावानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी उघाड होती. सबंध सकाळ यादोराव त्या गाडीभोवती होता. तारांवर रबराची पट्टी नीट बसली का ते बोट फिरवून पाहिलं, ट्यूबला शंखजिऱ्याची भुकटी चोळली, कडेला साबणाचं पाणी लावून टामीच्या पहारीनं टायर इतका जपून चढवला, की रिमला ओरखडा नाही. रेडियल पुढं. नायलॉन मागं. मधुकरराव कोरड्या रस्त्यावर एक चक्कर मारून आला आणि खुशीत ओरडला, "वा यादोभाऊ! लोण्यावानी चालते!" यादोरावाला त्या रात्री झोपही गाढ लागली.

मग पावसाची झड लागली. भादव्याचे दिवस. आसगावला रुखमिणीच्या भावाकडे महालक्ष्म्या बसायच्या होत्या, म्हणून ती गाठोडं घेऊन दुकानापाशी एसटीची वाट पाहत उभी होती. तेवढ्यात मधुकररावाची लाल गाडी हवा तपासायला आली.

"वहिनी, भंडाऱ्याले जाऊन राहिलो. चला, स्टँडवर सोडतो."

यादोरावानं तोंड उघडायच्या आत रुखमिणी गाठोडं मांडीवर घेऊन आत बसलीसुद्धा. त्यानं खिडकीत वाकून हात जोडले. "मालक, हळू. रस्ता ओला आहे."

"चूप बसा वो तुमी," ती हसत म्हणाली. "लोक पाहून राहिले."

मधुकररावानं गाडी वळवली. मोहाखालून रस्त्यावर चढताना तिची शेपूट जराशी बाहेर गेली, मग सरळ झाली. रुखमिणीचं हसू ऐकू आलं. गाडी गेली.

यादोराव परत फिरला आणि त्याचं लक्ष चिखलाकडं गेलं. वळणावर गाडीचे ठसे उमटले होते. पुढच्या चाकांचे ठसे स्वच्छ, नक्षी मोजून घ्यावी असे. मागच्या चाकांचे ठसे तसे नव्हते. ते बाहेरच्या बाजूला फरफटले होते, चिखलावरून कोणी बोरा ओढत नेल्यासारखे. तो खाली बसला. ठशांवर हात ठेवला. पुढच्या चाकांनी जमीन धरली होती, मागच्यांनी सोडली होती. इथं, अंगणात, बैलगाडीच्या चालीनं जाताना हातभर सोडली होती. आणि पुढं तलावाच्या पाळीवरचं वळण होतं. एका अंगाला भरलेला तलाव, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, खोल शेतं. तिथं मधुकरराव काही बैलगाडीच्या चालीनं जाणार नव्हता.

रेडियल मागं घाला. पुढं अजिबात नको.

यादोराव ताडकन उठला. आजवर तो शंभर गोष्टींना भ्याला, पण ती सगळी भीती बाहेरची होती. ही भीती त्याच्या स्वतःच्या हातांतून वर चढत होती. ज्या हातांनी चाकं बसवली, त्याच हातांतून. "अवो बाई, उतर वो," तो रिकाम्या रस्त्याला म्हणाला. "उतर ना वो!"

खाणीकडून श्यामलाल भरलेला ट्रक घेऊन येत होता. यादोराव त्याच्या आडवा गेला. श्यामलालनं करकचून ब्रेक दाबला आणि एक शिवी हासडली, पण यादोरावाचं तोंड पाहून ती अर्धीच राहिली.

"लाल गाडीमागं चाल. रुखमिणी बसली आहे तिच्यात. टायर उलटे बसले, बापा, टायर उलटे बसले!"

बोबडी वळलेली. श्यामलालला फारसं काही कळलं नाही, पण त्यानं गियर टाकला. जो माणूस ट्रकमध्ये बसला की "हळू गा, हळू गा" म्हणून ड्रायव्हरचा जीव खायचा, तो आज "दाब! दाब ना!" म्हणून ओरडत होता. मँगनीजनं भरलेला ट्रक तो. कितीही दाबला तरी किती पळणार? काचेवर पाऊस. पुढं काही दिसेना. प्रत्येक वळण आलं की यादोराव डोळे मिटायचा, आणि वळण रिकामं दिसलं की त्याच्या जिवात जीव यायचा, तो पुढच्या वळणापर्यंत. महालक्ष्मीमाय, तुझ्याच घरी येऊन राहिली होती ना ती. पाय मोड तिचा, हात मोड, पण जीव राहू दे. मग त्यालाच वाटलं, हे काय मागतो आपण! पाय तरी कायले मोडावा? तिनं कोणाचं काय बिघडवलं?

पाळीवरच्या वळणाला कडेची बेशरमाची झुडपं आडवी झाली होती.

गाडी खाली बांधीत होती. उभ्या धानात, चिखलात रुतलेली, तोंड आल्या रस्त्याकडं फिरलेलं. कापडी छप्पर फाटून लोंबत होतं. मधुकरराव बोनेटला टेकून उभा होता, कपाळातून रक्त येत होतं. बाजूची जागा रिकामी होती.

यादोराव चालत्या ट्रकमधूनच उतरला आणि पडला. उठला. त्यानं बांधीकडं पाहिलं, मग वळून तलावाकडं पाहिलं. तलावाचं पाणी काठोकाठ, वर पाऊस पडत होता. तिच्या नावानं हाक मारायची त्याला सवय नव्हती, आणि आता मारावीशी वाटली तर नाव ओठांवर येईना.

"तिकडं काय पाहता? मी अठी आहो."

धानातून रुखमिणी वर आली. कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर गाठोडं. ती ते शोधायला खाली वाकली होती, एवढंच. यादोराव मटकन रस्त्यावर बसला आणि लहान लेकरासारखा हमसून रडायला लागला.

मधुकरराव लंगडत वर आला. "यादोभाऊ, माहीच चूक. मीच जोरात नेली. काय झालं कळलंच नाही, गाडीनं गर्रकन तोंड फिरवलं. वहिनी, माफ करा मले." त्यानं कपाळाचं रक्त पुसलं. "अन् ह्या, ओरडल्यासुद्धा नाही. गाडी फिरून राहिली, अन् ह्या आरामात बसल्या!"

"ओरडू कायले?" रुखमिणी पदर पिळत म्हणाली. "चाकं यायनं बसवले होते ना. मले माहीत होतं, काही होत नाही."

यादोराव गप्प राहिला असता तर कोणाला कधी कळलं नसतं. मधुकररावानं सगळं आपल्या अंगावर घेतलंच होतं. यादोरावालाही ते कळत होतं. पण ती तशी उभी होती, भरवशानं, चिखलानं माखलेली. आणि उद्या ती त्याच भरवशानं पुन्हा कशातही बसली असती.

"मधुकररावची चूक नाही," तो खालीच बसून म्हणाला. "माही आहे. दुकानदारानं सांगतलं होतं, चांगले मागं घाला. मी पुढं घातले. मले भेव वाटलं म्हणून घातले. त्याच्यानंच फिरली गाडी."

मधुकररावानं मान खाली घातली. रुखमिणी मात्र नवऱ्याकडं पाहत राहिली. मग तिनं वळून त्या फिरलेल्या गाडीकडं पाहिलं, ती रुतली होती त्या खोल बांधीकडं, रस्त्यापलीकडच्या पाण्याकडं. आताच कोणी दाखवल्यासारखं एकेक पाहिलं.

"चला वहिनी," श्यामलाल ट्रकमधून म्हणाला, "तुमसरच्या स्टँडवर सोडतो. बसा."

तिनं पायरीवर एक पाय ठेवला. दांड्याला हात लावला. आणि थांबली.

"श्यामलाल, याचे टायर कोनं बसवले गा?"

"कोनं म्हणजे? यादोभाऊनं."

रुखमिणीनं पाय खाली घेतला. "तू जाय बापा. मी पायी जातो."

तिनं गाठोडं डोक्यावर ठेवलं आणि तुमसरच्या रस्त्यानं निघाली. यादोराव उठून तिच्या मागं गेला. ती मागं पाहत नव्हती. पाळ संपली तिथं समोरून एक रिकामा ट्रक आला. रुखमिणी रस्ता सोडून पार खाली बांधीत उतरली, आणि तो जाईपर्यंत धानात डोळे मिटून उभी राहिली.