कानाच्या पाळीचं दायज

पेडणे तालुक्यात आमच्या जीवशास्त्राच्या मास्तरांनी ज्याचे कान तपासले नाहीत, असा माणूस बहुधा अजून जन्मायचा आहे. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे माझे कान पहिल्याच दिवशी तपासून झाले. ओळख करून घेताना लोक गाव विचारतात, हे सरळ कानाची पाळी बघत. पाळी गालाला चिकटलेली की सुटी लोंबणारी, यावरून ते माणसाची पणजी काढून दाखवत. डिचोलीच्या एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे नवऱ्याच्या कानाशी वाकले आणि भटजी मंगलाष्टक विसरले. आनुवंशिकता हा शब्द त्यांना जड वाटे. ते आपला गावचा शब्द वापरत, दायज, म्हणजे वाडवडिलांकडून आलेला वारसा. "दायजात शेत मिळता, घर मिळता, तशी कानाची पाळीय मिळता," असं वर्गात सांगत, आणि मुलं एकमेकांचे कान ओढत.

तेरेखोलची सहल तर मला जन्मभर पुरेल. फेरीबोटीची वाट बघताना त्यांना चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे दिसले. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वारी खाली उतरली आणि दोन फेरीबोटी निघून गेल्या. "हजारो पिढ्यो चिखलात काढल्यो सर, तेवां माशाक चालूक इलां!" ते तिथून ओरडत होते. त्यांना स्वतःला मात्र चालता येईना, शेवटी दोन खलाशांनी ओढून वर काढलं.

त्यांची मुलगी आमच्याच शाळेत होती. ती दत्तक, चार महिन्यांची असताना आणलेली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक, तिला तेवढं नाही. 'जरा मोठी होऊ दे, मग सांगू' म्हणत नवरा-बायकोनं वर्षं घालवली. दहावीच्या मुलांना मास्तर एक तक्ता देत, घरच्यांच्या पाळ्या बघून भरायचा. मुलीनंही भरला. आईबाप दोघांची पाळी चिकटलेली, तिची सुटी. चिकटलेल्या पाळीच्या आईबापांचं मूलही चिकटलेल्याच पाळीचं, या मास्तरांच्या नियमात हे बसेना. त्यांनी तांबड्या शाईनं फुली मारली. "चुकलंस गो बाय, परत बघ." तिनं तीनदा बघितलं, तीनदा फुली मिळाली. उभ्या तालुक्याचं दायज तोंडपाठ असलेला हा माणूस, आपली मुलगी दत्तक आहे हेच साफ विसरून गेला होता.

मग ती माझ्याकडे आली. "सर, बाबा चूक म्हणतत. पण माझो तक्तो बरोबर आसा." मला सगळं समजलं. आणि मी काय केलं? हसून म्हणालो, "बाबांनाच विचार. त्यातले तज्ज्ञ ते." तिनं त्याच संध्याकाळी विचारलं. तेव्हा कुठं मास्तरांना आठवण झाली, आणि खोटं बोलणं काही त्यांना जमलं नाही. शाळेत आपल्याला सर म्हणायचं, हा त्यांचाच नियम होता. त्या दिवसापासून ती घरीही सर म्हणू लागली.

आता ती पणजीला नोकरी करते. गेल्या चतुर्थीला घरी आली तेव्हा मीही मास्तरांकडे होतो. मास्तरांनी एक नवं पुस्तक तिच्यापुढं उघडून धरलं. पाळीचा नियम काही पक्का नाही, चिकटलेल्या पाळीच्या आईबापांनाही सुट्या पाळीचं मूल होऊ शकतं, असं त्यात छापलं होतं.

"बघ गो, असा होवक शकता," ते म्हणाले.

तिनं पान शेवटपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. "होय, सर," म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

मास्तर पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. ती तक्ता घेऊन आली त्या दिवशी मी तिला दोन मिनिटं जवळ बसवून "बाय, तू त्यांचीच" एवढं म्हणायला हवं होतं. तेवढं सांगायला मराठीचा मास्तर पुरला असता.